पार्किंगच्या जागेतल्या लिली

नवरा गेल्यावर पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्या रो-हाउसमध्ये मी आणि माझे सासरे असे दोघंच उरलो. खाली ते, वर मी. आम्हाला एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नव्हती आणि दोघांपैकी कुणालाच घर सोडायचं नव्हतं. घर त्यांच्या नावावर होतं. कोन या त्यांच्या गावची भातशेती संपादनात गेली तेव्हा त्या पैशांतून त्यांनी ते घेतलं आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला चढवला. पण त्या मजल्यावरच्या फरश्या, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या सगळं मी आणि नवऱ्याने आमच्या पगारातून केलं होतं. तिथून हलायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणायची. ते मला नावाने हाक मारत नसत. लग्न ठरलं तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'डोंबिवलीवाली' होते आणि त्यांचा मुलगा गेल्यावरही तीच राहिले. मी जिन्यात चपला घालत असताना ते रोडपालीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला फोन लावून सांगायचे, "डोंबिवलीवालीला सांग, पाण्याची मोटर चालू राहिली हाय." मग माझा फोन वाजायचा. "वहिनी, दादा म्हणतायत मोटर बंद करा." मी अजून जिन्यातच असायची.

फाटक आणि पायरी यांच्यामध्ये मातीचा एक तुकडा होता, एक गाडी जेमतेम मावेल एवढा. सासूबाई होत्या तोवर तिथे अळू आणि मिरच्या असायच्या. त्यांच्या मागे कुणी लक्ष दिलं नाही. दादांना तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाडी आत घ्यायची होती. गाडी रस्त्यावर उभी राहते, कोणीही येऊन ओरखडे काढतं, अशी त्यांची तक्रार. ती खरीही होती. पण माझा जिना त्या तुकड्याच्या कडेनेच वर जातो. गाडी आत आली असती तर ती त्यांनी जिन्याला चिकटवूनच लावली असती आणि मला रोज भाजीची पिशवी डोक्यावर धरून आडवं चालावं लागलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून तो तुकडा भरून टाकायचं मी ठरवलं. मला बागकामाची हौस वगैरे नव्हती. कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी हिशेब बघते. जेवणाच्या सुट्टीत फोनवर झाडं बघायला लागले. गुलाब नको वाटला, कारण गुलाब कोणीही कापून टाकू शकतं. लिलीचा कांदा असतो. वरचं सगळं वाळून गेलं तरी कांदा खाली जिवंत राहतो, हे वाचलं आणि तिच्यावर माझं मन बसलं. जमीन धरून ठेवणारं झाड मला हवं होतं.

नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी पहिले कांदे मागवले. तेव्हा मला दोनच नावं माहीत होती, एशियाटिक आणि ओरिएंटल. एशियाटिकची फुलं वर तोंड करून उमलतात, रंगाने भडक, वासाला काही नाही. ओरिएंटल म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर असतात त्या, मोठ्या, गुलाबी, ठिपक्यांच्या, वास असा की बंद खोलीत डोकं धरतं. दोन्ही संकरित, दोन्ही थंड देशातल्या. बागकामाच्या ग्रुपवर एका बाईंनी मला लिहिलं, "ताई, कोकणाच्या हवेत ओरिएंटल जमणार नाही, एशियाटिकही एकदाच फुलेल." मी त्या बाईंना ब्लॉक केलं. माझ्या घरात मला सल्ले देणारा एक माणूस आधीच होता.

कांदे लावत होते तेव्हा दादा पायरीवर येऊन उभे राहिले. त्या दिवशी घरात तिसरं कोणी नव्हतं आणि नणंदेचा फोन लागत नसावा, म्हणून ते हवेत बोलल्यासारखे बोलले.

"ही काय झाडं हायत? खायला नाय, पूजेला नाय."

"दिसायला आहेत," मी म्हटलं.

"दिसायला! इथं गाडी लावायची हाय."

"गाडी रस्त्यावर दिसते की छान."

ते आत गेले आणि दार आपटलं. मला बरं वाटलं.

ओरिएंटलनी त्या ग्रुपवरच्या बाईंचं म्हणणं खरं केलं. दांडे आले, कळ्याही धरल्या, पण जानेवारीत दुपारचं ऊन तापायला लागलं तशा पिवळ्या पडून गळल्या. एशियाटिक मात्र फुलल्या. केशरी, मधे काळे ठिपके, सगळ्या एका ओळीत उभ्या. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून फोटो काढायला लागले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घराला शोभा आली हो." दादा तेव्हा पायरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही.

त्याच आठवड्यात कोनला त्यांच्या भावकीत एक हळद होती. आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणूस जमतं. दादा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि फाटकाची कडी काढताना त्यांची बाही फुलांना घासली. लिलीचे पराग विटकरी रंगाचे असतात आणि कापडावर बसले की ओल्या हाताने पुसायचे नसतात. चिकटपट्टीने हलकेच उचलायचे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दादांनी नळाखाली रुमाल भिजवला आणि बाही खसाखसा घासली. डाग कोपरापर्यंत पसरला. त्यांनी वर पाहिलं. मी चादरीला चिमटा लावला. ते तसेच गेले, कारण गाडीत बाकीची माणसं बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर सगळी फुलं कापलेली होती. दांडे उभे आणि फुलं माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ढीग करून ठेवलेली. रागाने ओरबाडलेली नव्हती. कात्रीने, एका उंचीवर, नीट कापली होती. ते बघून मला जास्त राग आला.

मी त्यांच्या दारात गेले. "हे तुम्ही केलंत?"

"कपड्याला लागतात." त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "लोक इचारत होते हळदीत, दादा, हे काय लागलं? काय सांगू? सुनेनं लावलेली फुलं?"

"सांगायचं होतं तसंच."

"लोक हसले असते."

"हसू द्यायचं."

एवढंच बोलणं झालं. मी ती फुलं उचलली नाहीत. त्यांनीही नाहीत. त्या फुलांचा पायरीवर चिखल होईपर्यंत मी त्यांच्यावरून जिना चढत-उतरत राहिले आणि दादा बाजूने ये-जा करत राहिले. शेवटी नणंद आली तिने केरसुणीने लोटली.

उन्हाळ्यात पानं वाळली. दादा रोज सकाळी दात घासत तिथे उभे राहायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "मेली वाटतं." मी पावसाच्या आधी कांदे काढले, धुतले, सावलीत सुकवले. या लिलींना पुन्हा फुलायचं तर मधे थंडी लागते आणि पनवेलात थंडी म्हणजे फक्त फ्रिज. कागदाच्या पिशवीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालून त्यात मी कांदे ठेवले आणि पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवली. वरचं घर माझं, फ्रिज माझा. तरी गणपतीत खालचा फ्रिज भरतो म्हणून नणंद माझ्या फ्रिजात नारळाचा चव, पनीर असलं काहीबाही ठेवायला वर यायची. मी ऑफिसला असले की तिच्याकडे किल्ली असायची.

गौरी गेल्यानंतर मी कप्पा उघडला तर पिशवी नव्हती. नणंद खाली भांडी विसळत होती.

"ताई, माझी कागदाची पिशवी?"

"कुठली? ती होय! त्यात सडका लसूण होता ना? टाकला मी."

"लसूण कोणी भुशात घालून ठेवतं का?"

"आता मला काय माहीत तुमच्या डोंबिवलीत कसा ठेवतात."

तिच्या मागे दादा खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटतं हसू लपवायलाच. मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती. नणंदेने ते जाणूनबुजून केलं की नाही हे मी कधीच विचारलं नाही. तिने काहीही उत्तर दिलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता. त्या दिवसापासून मी किल्ली काढून घेतली, एवढं खरं.

त्यानंतर मात्र मी अभ्यास केला. चीड आली की माणूस वाचतं. एशियाटिक, ओरिएंटल दोन्ही बाद केल्या. एशियाटिकचा दुसऱ्या लिलीशी संकर करून विकतात त्या एलए जातीच्या बघितल्या, टिकाऊ म्हणतात, पण त्यांनाही फ्रिज लागतोच. टायगर लिली आवडली होती, तिची केशरी पाकळी मागे वळलेली असते, पण तीही गार हवेची. शेवटी एक पांढरी सापडली, लाँगिफ्लोरम. ही संकरित नाही, मुळातली जात. समुद्राकाठच्या उबदार बेटांवरून आलेली, त्यामुळे उकाडा थोडाफार सोसते. फूल लांबट, कर्ण्यासारखं, वास मंद. त्या हिवाळ्यात मी तिचे कांदे मागवले, खाली वाळू घातली, जागा उंच केली, दुपारी सावली पडावी म्हणून बांबूला जुनी साडी बांधली. दादांनी साडीकडे बघून नणंदेला फोनवर सांगितलं, "मांडव घातलाय."

बहुतेक कांदे कुजले. एकच दांडा वर आला आणि त्याला दोन कळ्या धरल्या.

माझा नवरा होळीच्या सुमारास गेला. ताप आला, तो साधा वाटला आणि मग काही साधं राहिलं नाही. दरवर्षी त्या तिथीला खाली पान वाढतात. नणंद येते, भावकीतली दोन माणसं येतात. मी जेवायला बसते, कारण बसले नाही तर त्याची चर्चा कोनपर्यंत होते. त्या वर्षी तिथी जवळ आली तशी पहिली कळी फुगून पांढरी व्हायला लागली. मी रोज सकाळी खाली जाऊन बघायची. कुणासाठी हे मी स्वतःशीही बोलले नव्हते. पण ते फूल उमललं की दांड्यावरच राहू द्यायचं, एवढं ठरवलं होतं. नवऱ्याला कापलेली फुलं आवडायची नाहीत. हार घातलेले फोटो तर त्याला अजिबात आवडायचे नाहीत. आईच्या फोटोचा हार तो नजर चुकवून काढून ठेवायचा.

तिथीला मी अर्धा दिवस सुट्टी काढून दुपारी आले. फाटक उघडलं आणि आधी दांडाच दिसला. पहिली कळी नव्हती. तिथे तिरका, ताजा काप होता, अजून ओला.

दिवाणखान्यात फोटोला चंदनाचा हार होता आणि खाली स्टीलच्या पेल्यात ते फूल. पुरतं उमललेलं. सकाळी मी गेल्यावर उमललं असणार. मला ते उमललेलं पहिल्यांदा तिथे दिसलं.

"ते फूल माझं होतं," मी म्हटलं.

भावकीतली माणसं अजून यायची होती. नणंद स्वयंपाकघराच्या दारात पान घेऊन उभी राहिली. दादा पाटावर बसले होते.

"पोरगा माझा होता," ते म्हणाले.

"माझा कोणी नव्हता?"

"तुझा?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तूच नेलास त्याला. इथला डॉक्टर बोलत होता, इथंच ठेवा, सलाइन लावू, बरा हुईल. तुला मोठं हॉस्पिटल पायजे होतं. नवी मुंबईला नेलास. माझा पोर चालत गेला आनि आमी त्याला उचलून आनला."

इतकी वर्षं ते हे मनात धरून होते. मला ते माहीत होतं, फक्त कोणी उच्चारलं नव्हतं. मी ओरडले नाही. माझा आवाज उलट खाली गेला.

"इथल्याच डॉक्टरने हलवा म्हणून सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. मी तुम्हाला किती फोन केले त्या दिवशी. तुम्ही जागेच्या मीटिंगला होतात. एक जरी उचलला असतात तरी डॉक्टर काय म्हणतो ते तुमच्याच कानांनी ऐकलं असतंत."

नणंद म्हणाली, "वहिनी, आज नको."

 दादांचा हात पाटाच्या कडेला होता, तो त्यांनी तिथेच घट्ट धरला. मी पुढे झाले, पेल्यातून फूल उचललं आणि वर निघून आले. मागून नणंदेचा आवाज आला, "अहो, त्याच्या फोटोपुढचं उचलतात का कोणी?" मी जेवायला खाली गेले नाही. भावकीची माणसं आली, जेवली, गेली. वर मला पंगतीचा आवाज येत होता, आणि फोटोपुढे बहुतेक रिकामा पेला होता. मला आजही वाटतं, मी उचललं ते बरोबरच केलं.

फूल मी पाण्याच्या बाटलीत ठेवलं. रात्रीपर्यंत वासाने झोप येईना, म्हणून गॅलरीत नेऊन ठेवलं.

दुसरी कळी दांड्यावर होती. ती दोन-तीन दिवसांनी उमलली. तेही फूल कापलं जाईल अशी मी वाट बघत होते, रोज ऑफिसातून येताना फाटकाबाहेरूनच आधी दांडा बघून घ्यायची. त्याला कोणी हात लावला नाही. मीही लावला नाही. ते झाडावरच कडेने तपकिरी झालं आणि एक दिवस खाली पडलं.

त्यानंतर दादांनी नणंदेकरवीही बोलणं बंद केलं. मोटर चालू राहिली तर टाकी वाहून जायची, पाणी माझ्या गॅलरीवरून खाली पडायचं, मग मला कळायचं. मे महिन्यात एक दिवस मी घरी आले तर फाटकाशी खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉकची थप्पी. मिस्त्री काम आवरत होता. वाटलं, सगळंच झाकलं. पण आत पाऊल टाकलं तर ब्लॉक फक्त पायरीच्या बाजूला बसवलेले होते. जिन्याकडची, म्हणजे माझ्या बाजूची माती तशीच होती आणि मधे सुतळी ताणलेली.

"बाकीचं उद्या?" मी मिस्त्रीला विचारलं.

"नाही मॅडम, एवढंच. दादांनी सुतळी बांधून दिली, याच्या पुढे नको म्हणाले."

त्या ब्लॉकवर गाडी मावणं शक्य नव्हतं. एक स्कूटर आणि एक खुर्ची, बस्स. संध्याकाळी नणंद आली आणि पायरीवर उभी राहून दादांवर चिडली.

"अर्ध्यात काय करणार तुम्ही? गाडी कुठे लावायची?"

"रस्त्याव."

"मग एवढा खर्च कशाला केलात?"

"मना बसायला."

मी वरून ऐकत होते. ही माघार होती, दमणूक होती की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. मी खाली जाऊन आभार मानले नाहीत. माझ्या मते ती माती माझीच होती, ती मला कोणी देण्याचा प्रश्न नव्हता. पण तो मधला सुतळीचा तुकडा पावसात कुजेपर्यंत मी काढला नाही.

लाँगिफ्लोरमचा कांदा त्या जुलैत सडला. मग मी पळस्प्याच्या पुढच्या नर्सरीत गेले. फ्रिजातल्या लिलींचा मला वीट आला होता. नर्सरीवाल्याने पावसाळी लिली दाखवली, गुलाबी, नाजूक, पण ती पायाखाली मेली असती. स्पायडर लिली दाखवली, हायवेच्या दुभाजकात असते ती. ती मला चालली असती, पण मग त्याने मागचं एक झाड दाखवलं. क्रायनम. काही लोक नागदवणा म्हणतात. पानं हातभर लांब, जाड, तलवारीसारखी, कांदा नारळाएवढा होतो आणि जमिनीत खोल जातो. "एकदा बसलं की काढायला कुदळ लागते," तो म्हणाला. "आणि चीक अंगाला खाजतो, जपून." ग्रुपवर नंतर कोणीतरी लिहिलं की ही खरी लिली नाही, हिचं कूळ वेगळं. असू दे. खऱ्या लिलींनी माझ्यासाठी काय केलं होतं?

मी चार झाडं आणली आणि सुतळीच्या अगदी कडेला लावली.

आता ती कमरेएवढी झाली आहेत. पानं ब्लॉकवर ओणवतात, दादांच्या खुर्चीच्या हातापर्यंत येतात. पावसाळ्यात संध्याकाळी त्यांची पांढरी फुलं उघडतात, पाकळ्या निमुळत्या, मधे लालसर तंतू. मागच्या महिन्यात मी भाजी घेऊन येत होते तर दादा खुर्चीत बसलेले. पान त्यांच्या मांडीवर टेकलं होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. फोन आत होता.

"ही पानं अंगावर येतात," ते मला म्हणाले. थेट मला.

"खुर्ची सरकवा."

"मी नाय सरकवनार. कापतो उद्या."

"कापा. परत येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाताला जुना टॉवेल गुंडाळून विळ्याने पानं कापली, सुतळी होती त्या रेषेवर, सरळ. दांड्यांना आणि कळ्यांना विळा लावला नाही. पानांचा ढीग फाटकाबाहेर टाकला आणि खुर्ची होती तिथेच ठेवली. मी जिना उतरून त्यांच्या बाजूने गेले, ते बघत होते, मी बघत होते. आता पुन्हा पानं फुटली आहेत. खुर्चीच्या पायापर्यंत पोचलीत.